रिबन मायक्रोफोन आणि घरचें ध्वनिमुद्रण

मायक्रोफोन सुरू झाला कीं नाहीं हें पाहण्याची आपल्याकडे एक सर्वमान्य रीत आहे. संमेलनाच्या व्यासपीठावर चढणारा गृहस्थ मायक्रोफोनला प्रथम एक टिचकी मारतो, मग त्यावर दोनदां जोरानें फुंकर घालतो, आणि कर्ण्यांतून तिचा घोंघाट ऐकूं आला म्हणजे समाधान पावून भाषणास आरंभ करतो. ही रीत आम्हांसही लहानपणापासून अवगत होती. तिच्यापायीं आमचें जें नुकसान झालें, त्याची हकीकत सांगितल्यावांचून प्रस्तुत पाठ पुरा होणार नाहीं. म्हणून आरंभ तेथूनच करतों.

कांहीं वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुटींत आमच्या आत्याबाई आमच्या घरीं राहावयास आल्या होत्या. त्यांचें वय ऐशींच्या पुढें होतें. जात्यावरच्या ओव्या त्यांना शेंकड्यांनीं पाठ होत्या. पण त्यांतील एकही कागदावर उतरलेली नव्हती, कारण आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांचा आवाज व त्यांच्या ओव्या घरांत जतन करून ठेवाव्या, असें आमच्या मनानें घेतलें. घरीं संगणक होता. त्यास जोडावयाचा एक लहानसा ऑडिओ इंटरफेस आम्हीं आणला आणि एका गाणाऱ्या स्नेह्याच्या सांगण्यावरून एक स्वस्तांतला रिबन मायक्रोफोनही विकत घेतला. वृद्ध व बारीक झालेला आवाज अशा मायक्रोफोनांतून फार गोड उतरतो, असें त्यांचें म्हणणें होतें, आणि तें खोटें नव्हतें.

आत्याबाई जात्यापाशीं बसल्या. आम्हीं मायक्रोफोन पेटींतून काढला, तारेस जोडला, आणि तो चालतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यावर सवयीप्रमाणें फुंकर घातली. त्या क्षणापासून त्यांतून जो आवाज येऊं लागला, तो माठांत तोंड घालून बोलणाऱ्या माणसाच्या आवाजासारखा होता. आणि प्रत्येक चढ्या स्वराबरोबर कागद फडफडावा तशी फडफड ऐकूं येई. आंतील फीत ताणली जाऊन चुंबकाच्या कडेस टेकली होती. त्या दिवशींचें काम तेथेंच संपलें.

असें कां झालें, आणि पुन्हां होऊं नये म्हणून काय करावें, याचा नंतर आम्हीं जो अभ्यास केला तो येथें मांडीत आहों.

फितीची रचना

मायक्रोफोनचें काम एकच असतें : हवेंतील कंप विजेच्या कंपांत उतरविणें. मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं दाखविलेला नियम तुम्ही पदार्थविज्ञानांत शिकलांच आहां. चुंबकाच्या क्षेत्रांत तार हालली कीं तिच्यांत विद्युद्दाब उत्पन्न होतो. सभेंतील नेहमीच्या मायक्रोफोनमध्यें एक पातळ पडदा असतो व त्याच्या पाठीस तारेचें बारीक वेटोळें चिकटविलेलें असतें. आवाजानें पडदा हालतो, पडद्याबरोबर वेटोळें हालतें, आणि वीज निर्माण होते. रिबन मायक्रोफोनमध्यें ही दुहेरी योजना नाहीं. तेथें ॲल्युमिनियमची एक अतिशय पातळ फीत बलवान चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्यें सैलसर टांगलेली असते. तीच पडदा व तीच तार. हवा हालली कीं फीत हालते, आणि फितीच्या दोन टोंकांशीं वीज मिळते.

ही फीत किती नाजूक असते हें आंकड्यांनींच पाहूं. तिची जाडी सामान्यतः २ मायक्रॉनच्या आसपास असते. मनुष्याचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड धरला, तर अशा ३५ फिती एकावर एक ठेवाव्या तेव्हां एका केंसाची जाडी व्हावी. लांबी ५ सेंटिमीटर व रुंदी ५ मिलिमीटर मानून, ॲल्युमिनियमची घनता २.७ घेऊन गणित करा. फितीचें वजन दीड मिलिग्रॅमच्याही आंत भरतें. तिच्यावर आडव्या बारीक चुण्या पाडलेल्या असतात. त्यांमुळें ती लवचीक राहते व वेडीवांकडी पिळवटत नाहीं.

इतकी हलकी वस्तु हवेचा अगदीं सूक्ष्म कंपही अंगावर घेते, आणि कंप थांबतांच आपणही स्वस्थ होते. रिबन मायक्रोफोनच्या आवाजांत जो नितळपणा वाटतो, त्याचें एक कारण हें. उंच स्वरांच्या टोंकाशीं त्याची ग्रहणशक्ति हळूहळू उतरत जाते. म्हणून 'स' आणि 'श' यांची कानांत टोंचणारी धार त्यांत बोथट होते. हाच गुण प्रसंगीं दोषही होतो. तंबोऱ्याच्या जवारींतील झंकार किंवा घुंगरांची किणकिण त्यांत थोडी मंद उतरते.

फितीचा विद्युत्-रोध फार थोडा, ओहमच्या पांचव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी, असतो. आणि तिच्यांत उत्पन्न होणारा दाबही तसाच क्षुल्लक. म्हणून मायक्रोफोनच्या पोटांतच एक लहान ट्रान्स्फॉर्मर बसविलेला असतो. त्याच्या वेढ्यांचें प्रमाण १ : ३५ असलें तर दाब ३५ पट वाढतो व रोध ३५ च्या वर्गाच्या, म्हणजे १२२५ च्या पटीनें वाढतो. ०.२ ओहम गुणिले १२२५ म्हणजे २४५ ओहम. एवढा रोध असला म्हणजे मायक्रोफोन लांब तारेनें यंत्रास जोडतां येतो. स्वस्त मायक्रोफोनांत काटकसर होते ती बहुधा या ट्रान्स्फॉर्मरमध्येंच. तो लहान असला कीं खर्जाचे स्वर दुबळे किंवा मळकट उतरतात. कित्येक हौशी लोक स्वस्त मायक्रोफोन घेऊन त्यांतील फक्त ट्रान्स्फॉर्मर चांगला बसवून घेतात, त्याचें कारण हेंच.

स्वस्ताईचा इतिहास

आपल्या देशांतील आरंभींचें ध्वनिमुद्रण मायक्रोफोनवांचून झालें. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान गाइल्या त्या एका मोठ्या कर्ण्यापुढें. गळ्याच्या जोरानेंच सुई हालवावयाची, म्हणून हलकी तान किंवा कुजबुज तबकडीवर उतरणें कठीणच. १९२५ पासून विजेच्या साह्यानें मुद्रण होऊं लागलें व मायक्रोफोनचें युग सुरू झालें.

रिबन मायक्रोफोनची कल्पना जर्मनींतील. सीमेन्स कंपनींत काम करणारे वॉल्टर शॉट्की व एर्विन गेर्लाख यांनीं ती १९२४ सालीं पुढें मांडली. पुढें अमेरिकेंत आर. सी. ए. कंपनीच्या हॅरी ओल्सन यांनीं तिला व्यवहारांत उपयोगी पडेल असें रूप दिलें, आणि १९३० नंतर थोड्याच वर्षांत त्या कंपनीचे मायक्रोफोन रेडिओच्या व चित्रपटांच्या स्टुडिओंतून सर्वत्र दिसूं लागले. ते मोठे, जड आणि महाग होते. त्या काळचीं चुंबकें दुबळीं असल्यामुळें फितीसाठीं पुरेसें क्षेत्र मिळविण्यास भलें मोठें चुंबक लागे.

अल्प किंमतीचा रिबन मायक्रोफोन ही आजचीच कल्पना आहे असें मात्र समजूं नये. ब्रिटनच्या बी. बी. सी. या संस्थेस अमेरिकन मायक्रोफोन हवे होते, पण एकेकास शंभर पौंडांहून अधिक किंमत पडे. तेव्हां तिनें मार्कोनी कंपनीच्या सहकार्यानें १९३४ च्या सुमारास स्वतःचा रिबन मायक्रोफोन तयार केला. त्याचा खर्च अवघा ९ पौंड आला. तो पुढें कित्येक वर्षें तिच्या स्टुडिओंत वापरांत होता. काटकसर आणि उत्तम काम यांचें वैर नाहीं, याचा हा जुना दाखला आहे.

पुढें दुसऱ्या जातीचे, अधिक संवेदनक्षम कंडेन्सर मायक्रोफोन लोकप्रिय झाले व रिबन मायक्रोफोन मागें पडला. त्याचे दिवस पुन्हां आले ते दोन कारणांनीं. १९८३-८४ च्या सुमारास जपान व अमेरिका या दोन्ही देशांत निओडिमियम धातूचें अतिशय बलवान चुंबक निघालें. त्यामुळें लहानशा नळींत मावेल असा रिबन मायक्रोफोन करतां येऊं लागला. १९९८ सालीं अमेरिकेच्या रॉयर कंपनीनें काढलेल्या मायक्रोफोननें व्यवसायी लोकांचें लक्ष पुन्हां या जातीकडे वेधलें. त्यानंतर थोड्याच वर्षांत चीनमधील कारखान्यांतून स्वस्त नमुने बाहेर पडूं लागले, आणि जी वस्तु पूर्वीं केवळ स्टुडिओंत दिसे ती मध्यम स्थितींतील घरांत येऊन पोंचली.

दोन्ही बाजूंनीं ऐकणारा कान

सभेंतील मायक्रोफोनचा पडदा पाठीमागून बहुतेक झांकलेला असतो. रिबनची फीत मात्र पुढून व मागून सारखीच उघडी असते. दारास लावलेल्या पातळ पडद्याची कल्पना करा. वारा अंगणांतून आला तरी पडदा हालतो, माजघरांतून आला तरी हालतो. पण वारा पडद्याच्या पातळीलाच समांतर, कडेकडेनें वाहिला तर तो जवळजवळ स्तब्ध राहतो. फितीचें तसेंच आहे. समोरचा व पाठीमागचा आवाज ती सारखाच घेते. बाजूनें आलेला आवाज तिच्या दोन्ही अंगांस एकाच क्षणीं व सारख्याच दाबानें भिडतो, म्हणून ती हालत नाहीं.

या ग्रहणाची आकृति काढली तर ती इंग्रजी आंकड्यांतील आठासारखी दिसते. आपला देवनागरी ८ येथें उपयोगी नाहीं. ज्यांना त्रिकोणमिति आहे त्यांनीं हें असें लक्षांत ठेवावें : समोरच्या रेषेशीं आवाजाची दिशा जो कोन करते त्याच्या कोसाइनच्या प्रमाणांत ग्रहण होतें. समोर पूर्ण, ६० अंशांवर निम्में, ९० अंशांवर शून्य. आणि ही शून्याची जागा केवळ डाव्याउजव्या बाजूंस नसते. फीत उभी असेल तर तिच्या बरोबर वर व बरोबर खालींही तीच स्थिति असते.

रेडिओवरील नाटकांत या गुणाचा पूर्वीं फार उपयोग करीत. नट समोरासमोर, मायक्रोफोनच्या दोन्ही बाजूंस उभे राहत, आणि पात्र दूर जात आहे असें दाखवावयाचें असलें म्हणजे नट हळूच कडेच्या बहिऱ्या बाजूस सरके. इंग्रज अभियंता ॲलन ब्लूमलाइन यानें १९३१ सालीं केलेल्या एकस्वाच्या अर्जांत दोन कानांनीं ऐकल्याचा भास उत्पन्न करण्याच्या ज्या पद्धति सांगितल्या, त्यांपैकीं एका पद्धतीस आजही त्याचें नांव आहे. तींत असे दोन मायक्रोफोन एकाच ठिकाणीं, परस्परांशीं ९० अंशांचा कोन करून ठेवितात.

घरीं ध्वनिमुद्रण करणारास हा गुण फारच मोलाचा आहे, कारण घर म्हणजे स्टुडिओ नव्हे. तेथें खिडकींतून रस्त्यावरच्या गाड्या ऐकूं येतात, शेजारीं कुकरची शिटी होते, फ्रीज घुरघुरतो. मायक्रोफोन अशा रीतीनें वळवावा कीं त्याची बहिरी कड त्रासदायक आवाजाकडे यावी. उंबऱ्यावर मोटारीचा कर्णा वाजला तर तो कांहीं नाहींसा होणार नाहीं, कारण भिंतींवरून परतलेला आवाज समोरून येईलच. पण तो पुष्कळ उतरेल. शिवाय पाठीमागची बाजूही ऐकत असते, हें विसरूं नये. मायक्रोफोनच्या मागें कोरी भिंत असली तर तिच्यावरून परतणारा आवाज फितीच्या पाठीवर येऊन मूळ आवाजांत मिसळतो, आणि गाणें रिकाम्या डब्यांत म्हटल्यासारखें वाटतें. यासाठीं भिंतीपासून निदान तीन-चार फूट अंतर ठेवावें व मागें दोरीवर एक-दोन जाड गोधड्या टाकाव्या.

अंतर आणि बळ

रिबन मायक्रोफोनचा आवाज बारीक असतो, हें विकत घेण्यापूर्वींच प्रत्येकानें जाणून असावें. एका फुटावरून नेहमीच्या आवाजांत बोललें तर त्यांतून मिळणारा विद्युद्दाब मिलिव्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. तो वाढविण्यास ६० ते ७० डेसिबेल बळ लागतें. ६० डेसिबेल म्हणजे हजारपट, आणि ७० म्हणजे तीन हजार पटींहून अधिक. स्वस्त इंटरफेसची शक्ति पुष्कळदां ५०-५५ डेसिबेलपाशींच संपते, आणि चावी शेवटपर्यंत फिरविली कीं पावसाच्या सरीसारखा एक सळसळाट गाण्यामागें ऐकूं येऊं लागतो. पेटी, सनई, तबला यांना ही अडचण पडत नाहीं. तीं वाद्यें स्वतःच बलवान आहेत. अडचण येते ती हळू आवाजाला.

मग जवळ जावें काय? अंतर निम्में केलें तर आवाजाचा दाब दुप्पट, म्हणजे ६ डेसिबेल, वाढतो हें खरें. पण रिबन मायक्रोफोनच्या अंगीं एक विशेष आहे. तोंड जसजसें जवळ न्यावें तसतसे खर्जाचे स्वर इतर स्वरांपेक्षां अधिक फुगत जातात. एक-दीड फुटावर ही वाढ आवाजाला भारदस्तपणा आणते. वीतभर अंतरावर ती रांजणांतून बोलल्यासारखी होते. शिवाय जवळ गेल्यानें श्वासाचा झोत फितीवर येतो, तो धोका निराळाच. यासाठीं दूर राहून बळ वाढवावें. बाजारांत एक लहानशी डबी मिळते, ती मायक्रोफोन व इंटरफेस यांच्यामध्यें जोडली म्हणजे सुमारें २५ डेसिबेल, म्हणजे जवळजवळ १८ पट बळ निर्मळपणें मिळतें. इंटरफेस घेतांना त्याचा प्रवेश-रोध १५०० ओहमहून कमी नाहीं ना, हेंही पाहावें. तो कमी असला तर फितीवर भार पडून आवाज निस्तेज होतो.

सांभाळण्याचे नियम

पुढील नियम आम्हीं कागदावर लिहून मायक्रोफोनच्या पेटीच्या झांकणास आंतून चिकटविले आहेत.

पहिला, फुंकर कधींही घालूं नये. चालू आहे कीं नाहीं हें पाहावयाचें असेल तर दोन हातांवरून किल्ल्यांचा जुडगा हालवावा, अथवा साधें बोलावें.

दुसरा, मायक्रोफोनच्या जागीं आपला तळहाताचा पालथा भाग धरावा आणि गाणारास 'प', 'फ', 'भ' या अक्षरांनीं सुरू होणारे शब्द म्हणावयास सांगावें. हातास वारा लागला तर फितीस तें वादळच होय. मायक्रोफोन तोंडाच्या रेषेपेक्षां थोडा वर किंवा बाजूस न्यावा, व मध्यें भरतकामाच्या गोल चौकटींत ताणलेलें पातळ मलमल धरावें. बांसरी वाजविणाराच्या फुंकरीच्या मार्गांत तो कधींच ठेवूं नये.

तिसरा, विजेविषयीं. कंडेन्सर मायक्रोफोनांना तारेंतूनच ४८ व्होल्टचा पुरवठा करावा लागतो. त्यास फँटम पॉवर म्हणतात. तार निर्दोष असली तर हा दाब दोन्ही वाहकांवर समसमान असतो, आणि तराजूचीं दोन्ही पारडीं सारखीं असलीं म्हणजे कांटा जसा हालत नाहीं, तसा फितींतून प्रवाह जात नाहीं. पण तारेंत एक वाहक तुटलेला असला किंवा खुंटी बसवितांना एक टोंक आधीं टेकलें, तर क्षणभर प्रवाह जाऊन फीत झटक्यानें ताणली जाते. म्हणून जोडणी करण्यापूर्वीं तो पुरवठा बंद करावा. कांहीं रिबन मायक्रोफोनांत आंतच विवर्धक असतो, त्यांना व वर सांगितलेल्या डबीला मात्र हा पुरवठा लागतो. चांगली डबी तो स्वतःपाशीं अडवून ठेविते व पुढें जाऊं देत नाहीं. आपल्या मायक्रोफोनची माहितीपत्रिका वाचल्यावांचून चावी दाबूं नये.

चौथा, मायक्रोफोन नेहमीं उभा ठेवावा. आडवा ठेविला तर फीत स्वतःच्या भारानें हळूहळू मध्यें झोळ धरते. एका खोलींतून दुसरींत नेतांना त्यावर कापडी पिशवी घालावी, कारण चालण्याचा वाराही वाराच. पेटीचें झांकण आपटूं नये. आणि जेथें कानस किंवा करवत चालते तेथें तो नेऊं नये. त्यांतील चुंबक लोखंडाचा कीस ओढून घेतें आणि एखादा कण फितीपाशीं अडकला तर फडफड कायमची लागते.

आत्याबाईंच्या ओव्या

फीत बदलण्यास आम्हीं मायक्रोफोन एका दूरच्या कारागिराकडे पाठविला. मजुरी मायक्रोफोनच्या निम्म्या किंमतीइतकी पडली आणि वेळ दोन महिने लागला. तोंवर आत्याबाई गांवीं परत गेल्या होत्या. संक्रांतीस त्या पुन्हां आल्या, तेव्हां त्यांना खोकला लागला होता व आवाज दिवाळीपेक्षां खोल गेला होता.

या वेळीं आम्ही शहाणे झालों होतों. खाटेवर बसून ओव्या म्हणा, अशी आम्हीं त्यांना विनंती केली, कारण जात्याची घरघर आम्हांस नको होती. त्या हसल्या व म्हणाल्या, "जातं फिरल्याबिगर ओवी कशी रं येईल?" त्यांचें म्हणणें खरें होतें. हात थांबला कीं त्यांना पुढची ओळ आठवत नसे. तेव्हां जातें ठेवावयाचें आणि त्याचा आवाज मात्र कमी घ्यावयाचा, असा प्रश्न उभा राहिला. त्याचें उत्तर फितीच्या आकृतींतच होतें. आम्हीं मायक्रोफोन लांब दांड्यावरून जात्याच्या बरोबर वर, आत्याबाईंच्या ओठांपेक्षां किंचित् उंच, सरळ उभा टांगला. समोरची बाजू त्यांच्या मुखाकडे, अंतर सुमारें एक फूट, मागें गोधडी, रस्त्याकडची खिडकी बाजूस, आणि जातें थेट खालीं, म्हणजे फितीच्या बहिऱ्या टोंकाशीं. जात्यांत मूठभरच बाजरी घातली. पंखा बंद केला, कारण त्याचा आवाज जरी बहिऱ्या बाजूस होता तरी त्याचा वारा तसा नव्हता.

जात्याची घरघर पूर्णपणें गेली नाहीं. ती गाण्याखालीं, दूर, घराच्या दुसऱ्या टोंकास कोणी दळत असावें अशी उतरली, आणि आज ऐकतांना ती तशीच असावी असें वाटतें. आत्याबाईंच्या घशांतील खरखर रिबनच्या स्वभावामुळें टोंचली नाहीं. मागाहून संगणकावर उंच स्वर किंचित् वाढविले. त्यांचा उच्चार स्पष्ट झाला. त्या दिवशीं आम्हांस अकरा ओव्या मिळाल्या. दिवाळींत ज्या दिवशीं आम्हीं फुंकर घातली, त्या दिवशीं सकाळीं त्यांनीं भावावरच्या ओव्यांची एक लांब माळ सहज म्हणून दाखविली होती. ती संक्रांतीस त्यांना आठवली नाहीं. पुढच्या पावसाळ्यांत त्या निवर्तल्या.

महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून हेमा राईरकर, गी पॉइटवाँ व त्यांचे सहकारी यांनीं एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि पुष्कळ स्त्रियांचे आवाजही मुद्रित करून ठेविले. एवढें मोठें कार्य प्रत्येकाकडून होणार नाहीं. परंतु स्वतःच्या घरांतील एक आवाज राखणें हें आतां कोणासही अशक्य नाहीं.

पालकांस दोन शब्द

मुलानें रिबन मायक्रोफोन मागितला तर तो घेऊन द्यावा काय, असें पालक विचारतील. घरांत एकच मायक्रोफोन घ्यावयाचा असेल, तो लहान मुलांच्या हातीं जाणार असेल, किंवा बाहेर अंगणांत वापरावयाचा असेल, तर सभेंतील साधा मायक्रोफोनच बरा; तो पडला तरी सहसा बिघडत नाहीं. पण घरीं पेटी, व्हायोलिन, सनई वाजत असेल, किंवा शांत खोलींत वडील माणसांचें बोलणें व गाणें जपावयाचें असेल, तर स्वस्त रिबन मायक्रोफोन पैशाचें चीज करील. किंमतीबरोबर बळ देणारी डबी, मजबूत दांडा व एक चांगली तार यांचाही हिशेब धरावा. ट्रान्स्फॉर्मर लहान असला, फितीचा ताण अगदीं बिनचूक नसला, तरी योग्य अंतर, योग्य दिशा आणि मागें टाकलेली गोधडी यांनीं त्यांतील पुष्कळशी उणीव भरून निघते, आणि या तीन गोष्टींना पैसे पडत नाहींत.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं अनेकांच्या घरीं आजी-आजोबा आहेत. येत्या सुटींत त्यांच्यापुढें जो कोणता मायक्रोफोन तुम्हांस मिळेल तो ठेवा. रिबनच पाहिजे असें मुळींच नाहीं. पण कोणताही असला तरी त्यावर फुंकर घालूं नका, आणि हें काम दिवाळीवरून संक्रांतीवर ढकलूं नका.